ओठातले खिळे

नालबंदाला सगळे मुका म्हणायचे. तो मुका नव्हता. पण दिवसाचे आठ-नऊ तास त्याच्या ओठांत खिळे असायचे, आणि खिळे धरून बोलायला गेलं तर एक तर खिळा पडतो, नाही तर पोटात जातो. म्हणून तो हुंकारायचा. एक हुंकार म्हणजे दोर आवळ, दोन म्हणजे सैल सोड, आणि लांबलचक हुंकार म्हणजे या बैलाच्या मालकाला जरा बाजूला घे, फार शहाणपण शिकवतोय. हे सगळे हुंकार त्याच्या बायकोला पाठ होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण नवऱ्याचा आवाज तिने दिवसाउजेडी फारसा ऐकला नव्हता. काही विचारलं की तो हातानेच सांगायचा, थांब, तोंड मोकळं झालं की बोलतो. तोंड मोकळं व्हायचं तेव्हा जेवायची वेळ झालेली असायची, आणि मग तोंडात घास.

खिळे तोंडात धरणं ही काही खोड नव्हती. बैल पाडून, चारी पाय आवळून जमिनीवर घातला की त्याला फार वेळ तसा ठेवता येत नाही. पोट फुगतं, धाप लागते. एका खुराला दोन पत्र्या, म्हणजे बैलाचे नाल, एका पत्रीला चार खिळे, असं चारी पायांचं काम भराभर उरकावं लागतं. डाव्या हातात खूर आणि पत्री, उजव्या हातात हातोडी. तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून ओठ. त्यातही खुबी अशी, की खिळ्याची एक बाजू सपाट असते आणि दुसरी टोकाशी जराशी तासलेली. तासलेली बाजू आत ठेवून मारला तर खिळा खुराच्या कडेने बाहेर निघतो; उलटा बसला तर आत वळतो, थेट जिवंत मांसात. ही बाजू डोळ्यांनी बघत बसलं तर दिवसाला चार बैल होणार नाहीत. मुका खालच्या ओठाने बघायचा. जिभेने खिळा फिरवायचा, ओठावर दाबून त्याची बाजू ओळखायचा, नीट करून बाहेर सारायचा आणि दोन बोटांनी न बघता उचलायचा. त्याच्या हातून बैल लंगडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच ओठात गाठ आली.

कधी आली ते त्याने सांगितलं नाही. साखर कारखान्याच्या ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या सुरू व्हायला दीड महिना होता. गाड्या सुरू व्हायच्या आत पंचक्रोशीतल्या सगळ्या बैलांना पत्र्या लागतात, कारण डांबरी रस्ता खूर खातो. नालबंदाचं वर्ष म्हणजे हाच दीड महिना. बाकीचे दिवस विळे-खुरप्यांना धार लावण्यात जातात. अशा दिवसांत एकदा जेवताना बायकोने पाहिलं, की तो घास एकाच बाजूने चावतोय आणि पाणी वरून ओतून पितोय.

"बघू," ती म्हणाली.

"काय बघायचंय?"

"ओठ बघू."

त्याने खालचा ओठ बाहेर वळवला. आत मधोमध, जरा डावीकडे, निळसर जांभळं काहीतरी फुगलं होतं, द्राक्षाएवढं. तिच्या हातातला घास तसाच राहिला.

"दुखतं?"

"नाही. सकाळी बारीक असते. दिवसभर खाली वाकून काम केलं की संध्याकाळी एवढी होते. हे बघ, बोट लाव. आत कठीण काहीतरी आहे."

तिने बोट लावलं. गाठ मऊ होती, दाबली की बसत होती, आणि आत बारीक खड्यासारखा एक कण बोटाखाली सरकत होता.

"खिळ्याचं टोक आहे ते," तो म्हणाला. "मागं एक खिळा तोंडातच मोडला होता, आठवतं? टोक सापडलंच नाही. ते आत शिरलंय आणि गाठीनं पाणी धरलंय."

तिला ते पटलं. न पटायला काय झालं? आयुष्यभर दोघांनी हेच तर पाहिलं होतं. खुरात खडा रुतून पू धरला की मुका तिथे तापवलेलं दाभण घालायचा, घाण वाहून जायची आणि बैल दुसऱ्या दिवशी पाय टेकायचा. जे बैलाला लागू ते माणसाला का नाही? दुसऱ्या दिवशी दुपारी शेडच्या मागच्या बाजूला त्याने दाभण भट्टीत लाल केलं, गार होऊ दिलं, आणि आरसा तिच्या हातात दिला.

पू आलाच नाही. रक्त आलं, आणि ते ठिबकलं नाही, उडालं. आरशावर, तिच्या पोलक्यावर, भिंतीवर. मुक्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी कोपरांवरून धार वाहत होती. तिने पदराचा बोळा ओठात कोंबला, अंगठ्याने वरून दाबून धरला आणि दिराला हाक मारली. दीर, म्हणजे मुक्याचा धाकटा भाऊ, बैल पाडायचं काम करायचा. अंगाने दांडगा आणि डोक्याने गरम. त्याने रस्त्यावर उभं राहून टेंपो थांबवला. बाजारपेठेतला दवाखाना येईपर्यंत तिने अंगठा काढला नाही. नंतर दोन दिवस तो अंगठा वळत नव्हता.

बाजारपेठेतल्या डॉक्टरने दोन टाके घातले, आणि टाके घालताना शिव्याही घातल्या.

"तोंडात खिळे धरतोस? शेणामुतातले? आणि वर दाभण खुपसलंस? माणूस आहेस की जनावर? मोठ्या दवाखान्यात हे सांगितलंस ना, तर दारातसुद्धा उभं करणार नाहीत तुला."

मग तो तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "तंबाखू किती खातो?"

"खात नाहीत. तोंडात जागाच कुठं असते?"

डॉक्टर हसला नाही. चिठ्ठी लिहीत म्हणाला, "लवकर दाखवा. मला लक्षण चांगलं दिसत नाही."

मोठ्या दवाखान्यातली तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. हे बारा दिवस तिला बारा वर्षांसारखे गेले. टेंपोवाल्याने रक्त पाहिलं होतं, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. दोन दिवसांत सगळीकडे झालं, की मुक्याला तोंडाचा कॅन्सर झालाय. बायका तिच्याशी आवाज बारीक करून बोलायला लागल्या, माणूस गेलेल्या घरात बोलतात तसं. टाके ताजे असतानाच मुका कामावर बसला होता, खिळे तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरून. एक गाडीवाला आला, बैल पाडून झाला, आणि मुक्याने खिळे तोंडात घ्यायला हात नेला तसं गाडीवाल्याने खिशातून पत्र्याची डबी काढली.

"यातले घ्या आज," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. बैल नवा आहे, म्हणून."

मुक्याने डबी मांडीपाशी ठेवली आणि प्रत्येक खिळा उचलून, डोळ्यांसमोर धरून, बाजू बघून मारला. बैल घोरायला लागला तेव्हा कुठे तिसरा पाय होत होता. गाडीवाला म्हणाला, "किती वेळ?" असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

लोकांचं सोडा. तिने स्वतः काय केलं? त्याच रात्री भांडी घासताना नवऱ्याचा पेला तिने वेगळा काढला आणि कढत पाण्याने धुतला. धुऊन वळली तर तो दारात उभा. तो आत जाऊन झोपला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं; पण दुसऱ्या दिवशीही पेला तिने वेगळाच धुतला.

मग दीर आला. "वहिनी, दादाला बसव घरी. गिऱ्हाईक तोडतोय तो. पत्र्या मी मारतो, तो पडला रस्त्यात तर हंगाम कुणी बघायचा?" बोलणं खोटं नव्हतं. तिने खिळ्यांची पिशवी आणि हातोडी उचलून दिराच्या हातात दिली. मुका ओट्यावर बसून बघत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणणार?

मोठ्या दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने नवऱ्याला बजावलं, "तिथं खिळ्यांचं नाव काढायचं नाही. दाभणाचं तर नाहीच. विचारलं तर मी बोलेन."

वैद्याशी आणि वकिलाशी लपवाछपवी करू नये हे तिलाही माहीत होतं. पण दारात उभं करणार नाहीत, हे शब्द तिच्या कानांतून जात नव्हते.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि ओरडणारी नव्हती. हे जर आधी कळलं असतं! तिने ओठ उलटा करून पाहिला, मग मुक्याला म्हणाली, "खुर्चीवर बसूनच खाली वाका. डोकं गुडघ्यांच्या खाली जाऊ द्या. तसेच राहा." तो तसा राहिला. काम करताना तो तसाच तर असायचा. वर आला तेव्हा गाठ टम्म फुगली होती. डॉक्टरणीने काचेची पट्टी गाठीवर दाबली. जांभळा रंग निघून गेला आणि गाठ फिकी पडली. पट्टी काढल्यावर रंग हळूहळू परत भरला. तिने हे दोनदा केलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. मग एक्स-रे झाला, मग ओठावर गार चिकट काहीतरी लावून मशीन फिरवलं. पडद्यावर तांबडं-निळं हललं.

"हे टोचल्यासारखं काय आहे इथं?" डॉक्टरणीने विचारलं.

"त्यांचाच दात लागला," बायको म्हणाली.

"आणि आत जे कठीण लागतं ना, ते हे." डॉक्टरणीने एक्स-रे उजेडावर धरला. दोन-तीन पांढरे गोल ठिपके होते.

"टोक नाही?" मुका बोलून गेला.

"कसलं टोक?"

"काट्याचं," बायकोने घाईने सांगितलं. "मासळीचा काटा रुतलाय असं त्यांना वाटायचं."

"काटा नाही. रक्त साचून साचून खडे झालेत. ही रक्ताच्या नळ्यांची गाठ आहे. ओठाच्या स्नायूत, आणि या वयात, फार क्वचित बघायला मिळते. पण साधी आहे. कॅन्सर नाही."

बायकोने पुन्हा विचारलं. डॉक्टरणीने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तर तिच्या तोंडून हुंदकाच आला, आणि ती पदर तोंडात धरून भिंतीकडे वळली. बारा दिवस ती मनातल्या मनात विधवा होऊन बसली होती. मुक्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. चारचौघांत असं त्याने कधी केलं नव्हतं.

डॉक्टरणीने दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे गाठीत इंजेक्शन द्यायची. दर दीड महिन्याला एक, चार-पाच वेळा. दर वेळी ओठ पंधरा दिवस सुजेल, पण गाठ आतल्या आत आक्रसत जाईल. दुसरी म्हणजे ऑपरेशन. एकदाच, महिन्याभरात मोकळं. पण गाठ स्नायूत पसरलेली आहे, तिच्याबरोबर थोडा ओठ जाईल, आणि तिथून जाणारी नस वाचेलच असं नाही.

"नस गेली तर काय होतं?" बायकोने विचारलं.

"तेवढा ओठ बधिर राहतो. जेवता येतं, बोलता येतं. काम काय करतात हे?"

"मजुरी," बायको म्हणाली. "मिळेल ते."

"मग काही अडणार नाही."

तेव्हा मुका हुंकारला. तोंडात काही नव्हतं, तरी हुंकारला; सवयच ती. लांब, खालून वर जाणारा हुंकार. बावीस वर्षांत नवऱ्याचा एकही हुंकार तिला कळला नाही असं झालं नव्हतं, आणि हाही कळला होता: खरं काम सांग हिला. पण तिच्या डोळ्यांसमोर कारखान्याच्या गाड्या होत्या, दिराच्या हातातली हातोडी होती, आणि काय लपवलं ते आता उलगडून सांगायचं म्हणजे या भल्या बाईसमोर खोटं ठरायचं होतं. ती म्हणाली, "ऑपरेशनच करा. महिन्यात कामाला लागायचंय."

मुक्याने कागदावर अंगठा दिला.

ऑपरेशन चांगलं झालं. काढलेली गाठ तपासून आली, तीही साधीच. तो कागद तिला वाचता येत नव्हता तरी तिने घडी करून पोलक्यात ठेवला आणि येईल त्याला दाखवला. डबीवाल्या गाडीवाल्याला तर मुद्दाम हाक मारून दाखवला. घरी आल्यावर नवऱ्याचा पेला सगळ्या भांड्यांत टाकून एकत्र घासला. आठ दिवस असे गेले की तिला गाणं म्हणावंसं वाटायचं.

टाके निघाले. चहा पिताना खालच्या ओठावरून ओघळ यायचा आणि हनुवटीवरून गळ्यात जायचा, मुक्याला कळायचं नाही. ती म्हणायची, "पुसा." तो पुसायचा. येईल हळूहळू, असं दोघं म्हणायची.

गाड्या सुरू व्हायला आठवडा राहिला तेव्हा त्याने धाकट्याकडून पिशवी परत घेतली. धाकट्याने दिली, कुरकुर न करता दिली. पहिला बैल नेहमीच्या गिऱ्हाइकाचा, तांबडा, कामाचा. बैल पाडला. मुका खाली बसला, सहा खिळे ओठांत धरले, आणि चार खाली मातीत पडले. त्याला ते पडल्याचं कळलं नाही. धाकट्याने वेचून दिले. मुक्याने ते उजव्या कोपऱ्यात दाबून धरायचा प्रयत्न केला. तिथे एकच राहत होता. मग दातांत धरले. दातांना खिळा कळतो, त्याची बाजू कळत नाही.

बायको बैलाच्या डोक्यापाशी उकिडवी बसली होती. नवऱ्याची जीभ खिळ्याभोवती फिरताना तिला दिसत होती, पुन्हा पुन्हा, आंधळा माणूस भिंत चाचपतो तशी. त्याने खिळा काढला, ठेवला, हातोडी मारली. पहिल्या पायाला काही झालं नाही. दुसऱ्या पायाच्या तिसऱ्या खिळ्याला बैलाने असा हिसडा दिला की धाकटा मानेवरून बाजूला फेकला गेला. खिळ्याचं टोक बाहेर निघालंच नव्हतं. मुक्याने पकडीने खिळा उपसला, आणि त्याच्यामागून बारीक रक्त आलं.

बैल उठला, तीन पायांवर उभा राहिला. मालकाने त्याला चुचकारत, थांबत थांबत रस्त्यापर्यंत नेलं. रस्त्यावर गेल्यावर मग तो मोठ्याने म्हणाला, "हंगाम गेला माझा!"

मुक्याने पडलेले खिळे गोळा करून पिशवीत टाकले आणि पिशवी धाकट्यासमोर ठेवली.

तपासणीच्या तारखेला दोघं पुन्हा मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीण खूश होती. जखम छान भरलीय, गाठ परत दिसत नाही. कापसाच्या टोकाने तिने ओठाला स्पर्श केला, "कळतं?" "नाही." "इथं?" "नाही." "काही नसा परत जाग्या होतात, काही नाही होत. वाट बघू. कामाला काही अडत नाही ना?"

"मी नालबंद आहे," मुका म्हणाला.

बायकोने खाली पाहिलं. मुक्याने सगळं सांगितलं. खिळे, बाजू, ओठ, दाभणसुद्धा. एवढं सलग बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. बोलताना ओठ डावीकडे ओढला जात होता आणि काही अक्षरं निसटत होती. डॉक्टरणीने जुना कागद काढून वाचला.

"इथं मजुरी लिहिलंय." तिने कागद टेबलावर ठेवला. "तुम्ही सांगितलं असतंत तर मी सुरी लावलीच नसती. इंजेक्शनच दिली असती, वर्ष लागलं असतं तरी. का नाही सांगितलंत?"

आता तो माझं नाव घेईल, असं बायकोला वाटलं. घ्यावं, असंही वाटलं. त्याने घेतलं नाही. "राहून गेलं," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये ती त्याच्या शेजारी बसली होती. "शिव्या द्या मला," ती म्हणाली. "काहीतरी बोला."

"काय बोलायचं?" तो म्हणाला, आणि बाहेर बघत राहिला. बाहेर गाड्या चालल्या होत्या, एकामागे एक, आणि बैलांच्या पत्र्या डांबरावर वाजत होत्या. त्यातल्या निम्म्या बैलांना गेल्या साली त्याने पत्र्या मारल्या होत्या.

आता पत्र्या धाकटा मारतो. सुरुवातीला त्याने डबी ठेवून पाहिली, जमेना; मग खिळे तोंडात धरायला लागला. आधी गालफडं सोलली, मग शिकला. भावाइतका हात नाही, पण बैल लंगडत नाहीत. हुंकारायलाही लागलाय. परवा एका गाडीवाल्याने त्यालाच मुका म्हणून हाक मारली, आणि त्याने ओ दिली.

थोरला भाऊ आता बैल पाडतो. दोर टाकतो, पाय आवळतो आणि बैलाच्या मानेवर मांडी टाकून बसतो. त्याचं तोंड दिवसभर मोकळं असतं. बायको सकाळी तिथे पाणी घेऊन जाते, काही विचारते, हे आणू का, ते करू का. तो मान हलवतो.

काल ती अशीच गेली. काळा बैल आडवा होता, धाकटा मागच्या पायाशी. थोरला मानेवर बसून धाकट्याच्या ओठांकडे बघत होता. धाकट्याने खिळा फिरवला, बाहेर सारला, मारला. पुढचा फिरवला. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ सदऱ्यापर्यंत आला होता. खालचा ओठ त्याने दातांत घट्ट धरला होता, खिळे धरावेत तसा, आणि धाकट्याच्या हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला दात आणखी रुतत होते.

"अहो," ती म्हणाली, "ओठ सोडा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ दातांतच होता, म्हणून शब्द नीट आले नाहीत, पण तिला कळले.

"धरलाय कुठं?" तो म्हणाला.

तिने पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि त्याच्यापुढे बसून दातांतून ओठ हलकेच सोडवला.